पैसा कुठवर पुरतो

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा मोठा पैसा एकदाच येतो. दिवाळीच्या मागेपुढे हलके धान निघते, नंतर भारी. पुंजणे चुरले जातात, पोती आधारभूत केंद्रावर नाहीतर बाजार समितीत जातात, आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, चुकारे खात्यात जमा होतात. वर्षभर उधारीच्या किराण्यावर चाललेल्या घरात एकाच दिवशी मोठी रक्कम दिसते. त्या दिवसाचा आनंद खोटा नसतो. दुकानदाराचे देणे फिटते, सोसायटीचे कर्ज भरले जाते, गहाण पडलेली पोत सुटते. उरलेच तर गाडीचे किंवा मोबाइलचे बघितले जाते. उन्हाळा लागेपर्यंत मात्र तेच घर आणि त्याच काळज्या. पैसा संपला म्हणून आनंद संपला असे म्हणावे, तर ज्यांच्याकडे तो उरतो त्यांचाही आनंद पैशाच्या मापाने वाढत गेलेला दिसत नाही.

पैशाने सुख किती वाढते, हा प्रश्न फार जुना आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याची मोजमापे झाली, त्यावर वाद झाले, जुनी उत्तरे काही अंशी खरी ठरली आणि काही अंशी मोडली. त्या सगळ्याकडे या मातीवरून बघण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पैशाने सुख मिळत नाही, हे वाक्य बहुतेक वेळा पोट भरलेला माणूस उच्चारतो आणि ते उपाशी माणसाच्या कानावर पडते. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून राहणाऱ्या बाईला, मजुरी वाढवून मागितल्यावर, समाधानाचे महत्त्व सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. या बाबतीत मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मांडणी सर्वांत नेमकी वाटते. हा जिल्हा त्यांना परका नव्हता. १९५४ मध्ये भंडाऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक ते लढले आणि हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात त्यांनी बुद्धाच्या तृष्णाविचाराचा अर्थ लावताना दोन टोके टाळली. बुद्धाने दारिद्र्याचा गौरव केला, हे त्यांना मान्य नव्हते. दारिद्र्यातून दुःख निपजते, हे ते सरळ मान्य करतात. पण दारिद्र्य हटले की सुख आपोआप येते, हेही ते मानत नाहीत. दुःख दूर होणे आणि सुख लाभणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुढे जे संशोधन झाले, त्याचा सांगाडा मला या एका भेदात दिसतो.

पहिले काम पैसा किती चोख करतो, याचा चांगला पुरावा पश्चिम केनियातून मिळतो. तिथे एका संस्थेने गवताच्या छपराखाली राहणाऱ्या गरीब कुटुंबांना कोणतीही अट न घालता थेट रोख रक्कम दिली. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी २०१६ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. लोकांनी दारूवर पैसा उडवला नाही. अन्नावरचा खर्च वाढला, जनावरे घेतली गेली, गवताच्या जागी पत्रे आले, आणि मनाचे स्वास्थ्यही सुधारले. कवेलूच्या घरात पावसाळ्याच्या रात्री गळक्या जागी भांडी मांडत जागलेल्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. छत गळायचे थांबणे म्हणजे नुसती सोय नव्हे. आभाळ भरून आले की पोटात उठणारा गोळा त्यामुळे नाहीसा होतो. पैशाचे सर्वांत मोठे देणे हेच आहे. तो धास्ती काढून टाकतो.

आता दुसरे काम. मिळालेले सुख टिकवायचे म्हटले की पैसा का कमी पडतो, याची तीन कारणे सांगितली जातात. माणूस सवय करून घेतो. ओढ आणि गोडी या मनाच्या निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि माणूस आपल्या ताटाबरोबर शेजाऱ्याचेही ताट बघतो. तिन्ही कारणांचे वजन सारखे नाही.

सवयीचे कारण सर्वांत प्रसिद्ध आहे. फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडले की सुखाची मोजपट्टीच माणसाबरोबर सरकत जाते. कालची चैन आजची गरज होते आणि मन पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन बसते. १९७८ मध्ये ब्रिकमन यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर अमेरिकेतील २२ लॉटरी विजेत्यांची गाठ घेतली. लॉटरी न लागलेल्या शेजाऱ्यांपेक्षा ते फारसे अधिक सुखी आढळले नाहीत. उलट गप्पा मारणे, सकाळचा नाश्ता, विनोद ऐकणे अशा रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी गोडी वाटत होती. हा अभ्यास जगभर इतक्यांदा सांगितला गेला की त्याचा आकार किती लहान होता, हे लोक विसरले. स्वीडनमधील मोठ्या लॉटरी विजेत्यांचा बक्षिसानंतर पाच ते बावीस वर्षांनी घेतलेला शोध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वेगळे चित्र निघाले. आयुष्याविषयीचे एकूण समाधान वाढले होते आणि दहा वर्षांनंतरही ते टिकून होते. पण रोजचा आनंद आणि मानसिक स्वास्थ्य यांवरचा परिणाम बराच लहान होता.

म्हणजे पैसा आला-गेला, मन होते तिथेच राहिले, हे आता जसेच्या तसे म्हणता येत नाही. आयुष्य कसे चालले आहे, असे विचारले तर सधन माणूस चांगले चालले आहे असे सांगतो आणि ते खरे असते. काल दिवसभरात मन कसे होते, असे विचारले तर फरक पुष्कळ कमी होतो. पहिले उत्तर हिशेबाचे आहे, दुसरे अनुभवाचे. आपल्याकडे मुलाला नोकरी लागली, पक्के घर झाले, मुलीचे लग्न झाले की माणूस म्हणतो, आता काही कमी नाही. त्यात समाधान नक्की आहे. तरीही त्याच माणसाची रात्रीची झोप निराळ्या कारणांनी उडालेली असू शकते.

दुसरे कारण ओढ आणि गोडीचे. भोगाची गोष्ट धनाहून कठीण आहे. धनाचे समाधान थोडे तरी टिकते, भोगाचे त्याहून फार लवकर सरते. वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिनच्या पेशींवर केलेले प्रयोग इथे मोलाचे आहेत. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. रसाआधी प्रत्येक वेळी दिवा लावला, तर काही दिवसांनी त्या दिवा पाहून चेततात आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर शांत राहतात. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीच्या पातळीखाली जातात. १९९७ मध्ये या निष्कर्षांची मांडणी झाली. जे अपेक्षेप्रमाणे मिळते त्यात उसळी राहत नाही, आणि जे अपेक्षित असून मिळत नाही ते मिळकतीतून वजा झाल्यासारखे सलते. मिशिगन विद्यापीठाच्या केंट बेरिज यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. ज्या उंदरांचे डोपामिन जवळजवळ नष्ट केले होते, ते साखरेकडे स्वतःहून जात नसत. पण साखर तोंडात घातली की त्यांच्या चेहऱ्यावर गोडीची सगळी चिन्हे दिसत. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. व्यसनात याच्या उलट घडते. ओढ वाढत जाते आणि गोडी मागे पडत जाते.

हे समजायला प्रयोगशाळेत जावे लागते असे नाही. मोहफुलाच्या दारूने या भागातली किती घरे बुडवली, हे इथल्या बायकांना विचारावे. पिणारा स्वतःच सांगतो की आता त्यात मजा उरली नाही, आणि संध्याकाळ झाली की पाय तिकडेच वळतात. जुगाराचेही तसेच. महानुभाव परंपरेत चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत येते. भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव जुगारात मोठी रक्कम हरतो, पत्नीकडे दागिने मागतो, ती नकार देते. पुढे वडील देणे फेडतात. तरी त्याचे मन संसारातून उठते आणि रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून तो घर सोडतो. रामटेक तुमसरहून फार लांब नाही. पुढे चक्रधर भंडाऱ्यालाही आले आणि तिथले निळभट भांडारेकर त्यांचे शिष्य झाले. या हकिकतीत मला महत्त्वाचे वाटते ते असे: त्याला विरक्ती हरण्यामुळे आली नाही. कर्ज तर फिटले होते, पुन्हा डाव मांडता आला असता. पैशाची तूट भरून निघाली तरी आतली तूट भरत नाही, हे त्याने पाहिले, आणि पत्नीच्या नकारात आपल्या नात्याची खरी स्थितीही पाहिली. आठशे वर्षांनंतर तोच डाव मोबाइलवर आला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. कायदा दार बंद करतो. ओढीचे काय करायचे, हा प्रश्न घरात उरतो.

त्या प्रश्नाला नागपूर-भंडाऱ्याच्या पट्ट्याने स्वतःचे एक उत्तर दिले आहे आणि त्याची दखल पुस्तकी चर्चेत क्वचितच घेतली जाते. नागपूरच्या विणकर कुटुंबातील जुमदेवजी ठुब्रीकर, म्हणजे महात्यागी बाबा जुमदेवजी (१९२१ ते १९९६), यांनी परमात्मा एक सेवक मंडळाची चळवळ उभी केली. मौद्याला तिचा आश्रम आहे आणि तुमसर, मोहाडी भागात तिचे सेवक गावोगाव भेटतात. दारू, सट्टा, जुगार, लॉटरी, कोंबड्यांच्या झुंजी हे सर्व सोडणे, अंधश्रद्धा टाकणे, सत्य, मर्यादा आणि प्रेम पाळणे, असा तिचा धडा आहे. ‘आम्ही मार्गात आहो’ असे सेवक सांगतात आणि भेटले की ‘नमस्कारजी’ म्हणतात. श्रद्धेच्या भागाशी कोणी सहमत असो वा नसो. माझे लक्ष तिच्या रचनेकडे जाते. दारू सोडणारा एकटा पडत नाही, त्याचे सबंध घर मार्गात येते. पिणाऱ्यांची बैठक सुटली तरी चर्चा बैठक हाताशी असते. ज्या वेळी पाय गुत्त्याकडे वळायचे, त्या वेळी वाट बघणारी माणसे दुसरीकडे असतात. ओढ उपदेशाने जात नाही, तिला दुसरी सोबत द्यावी लागते, हे या चळवळीने ओळखले होते.

तिसरे कारण शेजाऱ्याचे. माझ्या मते सवयीपेक्षा याचा वाटा मोठा आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्ये दाखवले की एकाच देशात श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक सुखी असतात, पण सबंध देशाचे उत्पन्न वाढत गेले तरी त्या देशाचे सरासरी सुख वाढत जात नाही. जपानचे उदाहरण त्यांनी पुढे दिले. १९५८ ते १९८७ या काळात तिथले दरडोई उत्पन्न पाच पटींनी वाढले आणि समाधानाचे आकडे जागचे हलले नाहीत. सगळ्यांचे एकदम वाढले, तर कोणाचेच वाढल्यासारखे वाटत नाही, हा त्याचा अर्थ. बेट्सी स्टीव्हन्सन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी २००८ मध्ये त्यावर जोरदार हरकत घेतली. त्यांच्या मते अनेक देशांची नीट मांडणी केली तर उत्पन्नाबरोबर समाधानही वाढते. ईस्टरलिन डिसेंबर २०२४ मध्ये वारले, वाद अजून चालू आहे. राष्ट्रांच्या सरासऱ्यांवरून तो सुटेल असे मला वाटत नाही. गल्लीतला पुरावा अधिक बोलका आहे.

नेदरलँड्समध्ये पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. सोडतीत एखाद्या वस्तीचा पिनकोड निघाला की तिथल्या तिकीटधारकांना रक्कम मिळते आणि त्याबरोबर नवी बीएमडब्ल्यू लागते. २०११ मधल्या अभ्यासात आढळले की सहा महिन्यांनी विजेते पूर्वीपेक्षा अधिक सुखी नव्हते. मात्र ज्यांनी तिकीटच काढले नव्हते, त्या शेजाऱ्यांनी नव्या गाड्या घेण्याचे प्रमाण वाढले होते. केनियातही असेच निघाले. गावात दुसऱ्यांना रोख रक्कम मिळाली तेव्हा ज्यांना ती मिळाली नाही, त्यांचे समाधान खाली गेले. त्यांच्या घरातून काहीच कमी झाले नव्हते. पुढे साधारण वर्षभरात हा परिणाम ओसरला.

आपल्याकडे हे सगळ्यात स्पष्ट दिसते ते लग्नात. शेजारच्या घरी मंडपात किती पंगती उठल्या, डीजे होता की बँड, आंदणात काय दिले, वरात कुठल्या गाडीतून आली, याची नोंद सबंध वस्ती ठेवते. पुढच्या वर्षी ज्या बापाची पाळी येते, त्याची इच्छा असो वा नसो, त्याची पट्टी ठरलेली असते. धानाला चार पैसे जास्त मिळाले, बोनस मिळाला, तर ते सगळ्यांनाच मिळतात, आणि पट्टी सगळ्यांसाठीच वर सरकते. त्या बापाला हावरट म्हणणे अन्यायाचे होईल. लेकीची सासरी मान खाली जाऊ नये एवढेच त्याला हवे असते, आणि ते विकत घेण्याची किंमत शेजारीपाजारी नकळत वाढवत नेतात. इथे एकट्या माणसाने मन आवरून भागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक विवाहाचा आणि साध्या लग्नाचा आग्रह धरला तो म्हणूनच मला आजही व्यवहाराचा वाटतो. सगळ्यांनी मिळून पट्टी खाली आणली, तर कोणाचीच मान खाली जात नाही.

किती पैसा पुरे, यावर एक आकडा फार गाजला. डॅनियल काह्नमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये सांगितले की अमेरिकेत वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे उत्पन्न गेले की रोजचा आनंद वाढत नाही. आयुष्याविषयीचे समाधान मात्र त्यापुढेही वाढते. हा दुसरा भाग वर्तमानपत्रांनी गाळला. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी तेहतीस हजारांहून अधिक लोकांना मोबाइलवर दिवसभरात मधूनमधून विचारून दाखवले की आनंदही पुढे वाढतच जातो. मग काह्नमन आणि किलिंग्सवर्थ यांनी भांडण न वाढवता बार्बरा मेलर्स यांना सोबत घेतले आणि आकडे पुन्हा तपासले. २०२३ मध्ये उत्तर आले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. पण सर्वांत दुःखी अशा पंधरा-वीस टक्के लोकांचे दुःख एका मर्यादेपर्यंत, सुमारे एक लाख डॉलरपर्यंत, कमी होते आणि तिथे थांबते. त्यापुढे कितीही पैसा आला तरी फरक पडत नाही. जिवाचे माणूस जाणे, मन मोडणे, नैराश्य अशी ती दुःखे असावीत, असे संशोधकांनी सुचवले.

या पंधरा-वीस टक्क्यांपाशी मी सर्वांत जास्त थांबतो, कारण पैशाने न भरणारे असे एक दुःख इथेही दिसते. तुमसर तालुक्यात जमिनीखालीही धन आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरीचे खनिज बॅटरीच्या सेलसाठी वापरले जाते. या खाणी ज्या मॉइल कंपनीच्या आहेत, तिची घडण १९६२ मधली, आणि तिच्या मागे १८९६ पासूनच्या इंग्रज कंपनीचा इतिहास आहे. खाणीतली कायम नोकरी म्हणजे या भागात मोठीच गोष्ट. पगार हे त्याचे एक कारण झाले. ठरलेली पाळी, बरोबरची माणसे, आणि गावात आपल्याला काही काम आहे ही जाणीव, ही दुसरी कारणे. माणेकनगरचा फेरोमँगनीज कारखाना बंद पडला, तेव्हा कामगारांच्या पगाराबरोबर हे सगळेही गेले. जर्मनीतल्या हजारो लोकांचा पंधरा वर्षे मागोवा घेणाऱ्या २००४ च्या अभ्यासात आढळले की नोकरी गेलेली माणसे पुन्हा कामाला लागल्यावरही समाधानाच्या जुन्या पातळीवर सरासरीने परतली नाहीत. माणूस चैनीची सवय करून घेतो, या घावाची करून घेत नाही. त्यामुळे सवयीचा नियम सगळ्या गोष्टींना सारखा लावता येत नाही. वस्तूंचा आनंद विरतो. आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत ही जाणीव गेली, की तिची उणीव फार काळ राहते.

याची उजवी बाजूही मोजली गेली आहे. एलिझाबेथ डन यांनी २००८ मध्ये विद्यार्थ्यांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर दिले. काहींना ते स्वतःवर खर्च करायला सांगितले, काहींना दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते, आणि पाच की वीस याने फरक पडला नव्हता. प्रयोग लहान होता. तरी त्याचे म्हणणे आपल्या अनुभवाशी जुळते.

भंडारा-गोंदियातली मंडई या दृष्टीने बघण्यासारखी आहे. दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई ठरते. त्या दिवशी लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुपारी बाजार भरतो, दंडार होते, रात्री नाटक. घरात दहा माणसे जास्तीची जेवतात आणि यजमान थकून जातो. सोयरिकी तिथेच जुळतात, जुने रुसवे तिथेच निघतात. सुखाची सवय होऊ नये असे वाटत असेल तर ते अंतराने यावे, दुसऱ्यांबरोबर यावे आणि त्यात आपल्या हाताला काम असावे. मंडईत या तिन्ही गोष्टी आहेत. वर्षातून एकदाच येते म्हणून ती शिळी होत नाही. आपल्या गावाची मंडई झाली की दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जायचे असते, म्हणून तिच्यात एकाची मिळकत दुसऱ्याची तूट ठरत नाही.

ठरत नाही, असे म्हणताना काळजीही वाटते. शेजारच्या गावाने मोठे नाटक आणले म्हणून आपण त्याहून मोठे आणायचे, ही चढाओढ मंडईतही शिरते. वर्गणीचा आकडा वाढला की मजुराचे घर त्या दिवशी दाराआड राहते, आणि लग्नातली पट्टी जशी सरकली तशी हीही सरकते. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी आणि कोणाची किती हे लाउडस्पीकरवरून पुकारू नये, एवढा ठराव मंडईच्या आधीच्या बैठकीत गावाला करता येण्यासारखा आहे.